नाताळच्या खोलीतली शेगडी

॥ श्री गणपती प्रसन्न ॥

गावभाग, सांगली
मार्गशीर्ष वद्य द्वादशी, मंगळवार, १६ डिसेंबर

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमच्या नातीच्या, ज्ञानदाच्या हाती मागच्या खेपेला पाठवलेलं सामान पोचलं. आधी पावती देते, मग बाकीचं. पितळी जातं एक, खुंट्यासकट. पाटा-वरवंटा एक. मोत्यांचं तोरण बोटभर लांबीचं एक (तीन मोती वाटेत सुटले, दोन सापडले, तिसरा एसटीला अर्पण). चंदनी पाट सहा, नखाएवढे. मोत्यांचा पाळणा एक, साखळ्यांसकट. बाज एक, तिची सैल दोरी मी ओढून घेतली. शिवाय स्टीलच्या डब्यात वाईची हळद पावशेर आणि तुमच्या हातच्या कुरडया. खर्च असा आला : स्टँडपासून रिक्षा सत्तर, कराडला ज्ञानदानं खाल्लेला वडापाव वीस, पिशवीचा बंद तुटला म्हणून नवी पिशवी तीस. हे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. वहीत ‘नाताळ’ असं नवं खातं उघडून त्यात टाकलेत. चाळीस वर्षांच्या वह्यांत हे खातं पहिलंच, म्हणून पानाच्या डोक्यावर श्री काढलं. तुमचा डबा ज्ञानदाच्याच हाती शनिवारी परत केलाय. डबा रिकामा परत पाठवायची आपल्यात रीत नाही, म्हणून त्यात फुलवाती भरल्या. (त्या लावायची घाई करू नका. नव्या कापसाच्या वाती थोड्या मुरू द्याव्यात असं मी कुठंसं वाचलंय.)

तुमचे गुडघे या थंडीनं धरले असतील. घाटावर पहाटे जाण्याऐवजी ऊन आल्यावर जात जा, कृष्णामाई आठ वाजेपर्यंत कुठं जात नाही. तुमच्या धैर्यशीलनं आणून दिलेलं कानाचं यंत्र तुम्ही झिजेल म्हणून डबीतच ठेवता, असं ज्ञानदा सांगत होती. काटकसर मलाही कळते, पण वन्सं, यंत्र न वापरल्यानं कान नवे राहात नाहीत. फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल, त्याचं उत्तर याच्यातच आहे. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि आमच्या देवघराची भिंत नि शेजारच्या सिस्टरांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. देवाला सगळं मोठ्यानं सांगायची माझी लहानपणापासूनची सवय. माझी आरती झाली की पलीकडे त्या चहाचं आधण ठेवतात, त्यांना घड्याळ लागत नाही. मेसेज करावा तर तो आधी ज्ञानदा वाचणार, तुमच्या कानाशी वाड्याला ऐकू जाईल असा वाचून दाखवणार, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या स्टेटसला लावणार. म्हणून हे पत्र. पाकिटावर ‘खाजगी’ लिहिलंय. तुम्ही एकट्या असताना, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचा. शेवटपर्यंत हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही माझी पत्रं दुसऱ्या पानावर सोडता हे मला ठाऊक आहे.

सिस्टर म्हणजे सत्त्वशीला सिस्टर. तुम्ही त्यांना आमच्या नातवाच्या, धवलच्या मुंजीत पाहिलंय. पांढऱ्या साडीतल्या, उंच, पंगतीतल्या निम्म्या माणसांना त्यांच्या जन्माच्या वजनासकट ओळखणाऱ्या. बाळंतपणाच्या वॉर्डात चौतीस वर्षं काढली, अर्धा गावभाग त्यांच्या हातावर जन्माला आला. आमचा अनीशसुद्धा. त्यांचे यजमान, कैलासवासी शांतवनराव (त्यांच्यात कैलासवासी म्हणतात की नाही, माहीत नाही, पण माणूस तिथंच गेला असणार), दवाखान्यात सुतारकाम करायचे. औषधांच्या खोक्यांच्या फळ्यांतून त्यांनी लेकीसाठी, उत्कर्षासाठी, बाहुलीघर केलं. कपाटासारखं समोरून उघडतं, वर दोन खोल्या, खाली दोन, आणि चार पायांवर उभं. दर नाताळात सिस्टर त्यातली खालची मोठी खोली (मोठी म्हणजे हातभर) सजवतात. इवलं झाड, इवले दिवे, कोपऱ्यात बाळ येशूच्या जन्माचा देखावा. चोवीस तारखेला संध्याकाळी गल्लीतली पोरं ती बघायला जातात आणि एकेक करंजी घेऊन येतात. हो, त्यांच्यातही नाताळाला करंज्या-चकल्याच. मी लग्न होऊन आले त्या वर्षी केकची वाट बघत बसले होते.

यंदा मात्र घात झाला, आणि तो आमच्या अंगणात झाला. तुळशीच्या लग्नाला सिस्टर आल्या होत्या. तुमच्या बंधूंनी मांडवाचा ऊस मंगलाष्टकं संपायच्या आत सोलून खाल्ला आणि चोथा पायरीवर ठेवला. सिस्टरांचा पाय नेमका त्यावर. उजवं मनगट मोडलं. वयाचं हाड, प्लॅस्टर नाताळ झाल्यावर निघणार.  रिक्षात बसता बसता सिस्टर एवढंच म्हणाल्या, ‘‘सुहासिनीबाई, तात्यांना विचारा, ऊस गोड होता ना.’’ तेव्हापासून तुमच्या बंधूंनी उसाचा रससुद्धा सोडलाय. मला वाटलं पश्चात्तापानं, पण डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलंय.

आणि नेमकी यंदाच उत्कर्षा येते आहे. तिचा नवरा फौजेत, बदली पार आसामकडे, चार वर्षांत येणं झालं नव्हतं. तिची मुलगी सहा वर्षांची. कळत्या वयात तिनं आजीचं हे बाहुलीघर फक्त फोनवर पाहिलंय. रोज विचारते, आजी, दार उघडून दाखव, खोली झाली का. आणि इकडे आजी डाव्या हातानं खोली मांडायला बसायच्या. खुर्ची उभी केली की टेबल पडायचं, टेबल उचललं की झाड. ते पडणं मला देवघरात बसल्या ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी मी जपाची माळ अर्ध्यावर ठेवली, पलीकडे गेले आणि म्हटलं, घर आमच्या पुढच्या सोप्यात आणू, खोली मी मांडते. चोवीस तारखेला तुमच्या नातीनं दार उघडलं की तिला वाटलं पाहिजे, हे आजीच्याच हातचं.  सिस्टरांनी आतून एक काड्यापेटी आणून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यात मेणाचं बाळ, माझ्या करंगळीच्या पेराएवढं. त्यांच्या सासूबाईंच्या वेळचं. म्हणाल्या, ‘‘बाकी काही मोडलं, हरवलं, तरी चालेल. हे तेवढं जपा.’’ मी म्हटलं, देवघरात ठेवते, याहून सुरक्षित जागा आमच्या घरात नाही. (त्याबद्दल पुढे येईल.)

आता तुम्ही म्हणाल, हिला नाताळातलं काय कळतं. काही कळत नाही. पण रुखवत कळतं. पाच लग्नांची रुखवतं माझ्या हातची आहेत. तुमच्या राजेश्वरीच्या लग्नात सुपारीचे भटजी, खारकेचा नवरा आणि बत्ताशांची विहीर मी मांडली, तेव्हा विहीणबाई चष्मा पुसून पुसून बघत होत्या आणि त्यांच्याकडचा एक मामा विहिरीचा कठडा खाऊन गेला होता. मॅट्रिकला मला शिवणात आणि चित्रकलेतच बरे मार्क होते. तेव्हा मनाशी म्हटलं, लग्नाचं रुखवत तसं जन्माचं रुखवत. त्याच हिशेबानं तुमच्याकडे राजेश्वरीच्या ट्रंकेतलं सामान मागितलं.

पहिलं झाड. बाजारात हिरवी तयार झाडं मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी दुकानदाराला नमस्कार करून परत आले. घरात धवलच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश होता, नऊ वर्षं कामाला येईल म्हणून ठेवलेला. तो आला कामाला. पण रंग निळा. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं होतं, हे चित्रकलेत शिकलेलं, म्हणून तुमच्या हळदीचा लेप करून त्याला आपादमस्तक लावला आणि नवऱ्यामुलासारखा पाटावर उन्हात बसवला. वरून हिरवा झाला, आतून निळा राहिला, आणि सगळ्या सोप्याला लोणचं घातल्यासारखा वास सुटला. सिस्टर म्हणाल्या, लांबून झाडच वाटतं. मी विचारलं, किती लांबून? त्या म्हणाल्या, दारातून. माळा म्हणून मी कापसाची गेजवस्त्रं केली, बर्फासारखी पांढरी. पण हाताची सवय बघा, माळ झाली की बोट आपोआप कुंकवाच्या करंड्यात गेलं आणि टिकल्या लावून मोकळं झालं. सिस्टर म्हणाल्या, राहू द्या, नाताळात लाल लागतंच. शेंड्यावरची चांदणी तुमच्या बंधूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चंदेरी कागदाची. ती मात्र इतकी सुरेख झाली की तुमचे बंधू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ही माझी.

झाडाला फळं-फुलं काय लावायची, तर संक्रांतीसाठी हलवा करायला घेतलाच होता. मंद शेगडीवर पाक सोडत सोडत काटा आणलेला, मोत्यासारखा. त्याचे घोस ओवले, झाडभर टांगले, आणि समाधानानं दुपारची पडले. उठून बघते तर तुळशीवृंदावनापासून खोलीपर्यंत लाल मुंग्यांची दिंडी लागलेली. झाड हलत होतं. वन्सं, खरंच हलत होतं. दोन मुंग्या एक घोस खांद्यावर घेऊन दारातून बाहेर पडत होत्या, आणि दारावरच्या तुमच्या तोरणाखालून अशा वाकून गेल्या की मला त्यांना हाकलवेना. हळदीची रेघ ओढली, ती त्या ओलांडून गेल्या (वाईची हळद मुंग्यांना चालते, एवढं कळलं). शेवटी दुधाच्या कपाटाला करतो तसं केलं, घराचे चारी पाय पाण्यानं भरलेल्या चार वाट्यांत ठेवले. आता घर तळ्यात उभं असल्यासारखं दिसतं. सिस्टरांना वाटलं ते मी मुद्दाम केलंय. मी तसंच वाटू दिलं.

मग लाल कपड्यांचा, पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा पाहिजे होता. धवलच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावर पडून होते. त्यातला एक बुरुजावरचा पहारेकरी धुतला, लाल रंगवला, कापसाची दाढी लावली. तलवार काही निघेना, मातीतच भाजलेली. म्हणून तलवारीला पिशवी अडकवली आणि ढालीवर भेटवस्तू मांडल्या. सिस्टर हसता हसता म्हणाल्या, हा साताऱ्याकडून आलेला दिसतो. मी म्हटलं, आमच्या वन्संच्याच बाजूचा. तुमच्या बंधूंना हे फारसं आवडलं नाही.

खरी गंमत कोपऱ्यातल्या देखाव्याची. सिस्टरांकडे मातीची मरिया आहे, योसेफ आहे, गाय आहे. बाळाला गव्हाणीत निजवतात म्हणे. मी म्हटलं, त्यांच्याकडे तेव्हा सोय नव्हती, आपल्याकडे आहे, आणि राजेश्वरीच्या रुखवतातला मोत्यांचा पाळणा टांगला. एवढ्यात आमच्या दूधवाल्या बनुबाई आल्या. किटली टेकवून चांगल्या उकिडव्या बसल्या आणि डोकं आत घालून म्हणाल्या, ‘‘आवं काकी, ही गाय हाय का शेळी?’’ मी म्हटलं, गाय आहे. ‘‘मंग आटलीया ती. आन् बाळंतीण कुटं निजनार? थंडी काय लय पडलीया. शेक न्हाई, शेगडी न्हाई, बाज न्हाई. परगावास्नं आल्याली पोर, आन् तिला आसं भुईवर ठेवत्यात व्हय?’’ मग योसेफाकडे बोट केलं. ‘‘ह्यो बाप्या नुसता काठी धरून हुबा. पानी तापवाय लावा की त्याला.’’

वन्सं, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. दोन बाळंतपणं झालेली बाई मी, आणि पाळणा टांगून मोकळी झाले, बाळंतिणीचा विचारच नाही. त्याच दिवशी तुमची बाज आत घेतली. जुन्या इरकलीच्या काठाचं पांघरूण शिवलं, कानाला बांधायला रुमाल केला. औषधाच्या बाटलीच्या बुचाची शेगडी केली, आणि निखारे म्हणून तिच्यात पाच गुंजा ठेवल्या. लाल-काळ्या, अगदी फुललेल्या दिसतात. पितळी पिचकारीच्या तुकड्याचा बंब केला आणि योसेफाला काठीसकट बंबापाशी उभं केलं. आता तो कामात असल्यासारखा दिसतो. बनुबाईंनी दुसऱ्या दिवशी कडब्याची मूठभर काडी आणून गाईपुढे टाकली आणि गाईचं पोट ओल्या मातीनं स्वतः थापून भरलं. आता ती गाय वाटते.

बाळंतिणीची खोली म्हटल्यावर डिंकाचे लाडू आलेच. मिऱ्याएवढे अकरा वळले, खरा डिंक, खरं खोबरं (थोडंच लागतं, म्हणून खरं परवडतं), आणि वाळायला झाकणात घालून फळीवर ठेवले. तुमच्या बंधूंच्या गुडघ्याच्या होमिओपॅथीच्या गोळ्याही झाकणातच असतात, फळीही तीच. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांनी अनशापोटी मरियेचे लाडू घेतले. तिसऱ्या दिवशी मी रिकामं झाकण बघून विचारलं, तर म्हणतात, हे औषध चांगलं आहे, चवीलाही बरं आहे, गुडघ्याला उतार वाटतो, त्या डॉक्टरला सांग हेच चालू ठेव. मी पुन्हा अकरा वळले आणि यांच्यासाठी बावीस.

सगळं झाल्यावर एक उणीव जाणवत राहिली. बाळंतीण आहे, बाप आहे, गाय आहे, शेगडी आहे, पण हात धुऊन उभी राहिलेली बाई नाही. बाळंतपण आपोआप होतं का? सिस्टरांच्या प्लॅस्टरच्या वेळचा बँडेजचा तुकडा उरला होता. खारकेचं अंग केलं, पांढऱ्या मण्याचं डोकं, आणि त्या बँडेजची पांढरी साडी नेसवली, ताठ निऱ्यांची. तिला बाजेच्या उशाशी उभी केली.

रविवारी सकाळी माझी पूजा झाल्यावर सिस्टर खोली बघायला आल्या. चष्मा बदलून बसल्या. झाड बघितलं, नाताळबाबाच्या तलवारीची पिशवी बघितली, शेगडी बघून हसल्या. मग उशाशी बोट नेलं, ती पांढरी बाहुली डाव्या हातानं अलगद उचलली आणि विचारलं, ‘‘हिची ड्यूटी रात्रीची का?’’ मी म्हटलं, असेल. त्या म्हणाल्या, ‘‘उत्कर्षा लहान असताना तीन नाताळ मी वॉर्डातच काढले. ती झोपेपर्यंत खिडकीत बसायची म्हणे.’’ आणि बाहुली पुन्हा तिथंच, निऱ्या सारख्या करून उभी केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हळदीच्या वासानं येतं असं मी म्हटलं.

मग त्यांची नजर पाळण्याकडे गेली. पाळणा रिकामा. ‘‘बाळ?’’ म्हणाल्या.

मी त्यांना शांतपणे समजावून दिलं. म्हटलं, सिस्टर, जन्माआधी पाळण्यात बाळ कसं असेल? आमच्याकडे रामनवमीला दुपारी बारापर्यंत पाळणा रिकामाच, गोकुळाष्टमीला रात्री बारापर्यंत. वेळ झाली की सुंठवडा, पाळणा, मग बाळ. आधीच निजवून ठेवलं तर जन्म कशाचा साजरा करायचा? तुमच्याकडे वेळ कोणती? सिस्टरांनी पाळण्याला बोटानं एक झोका दिला. मग म्हणाल्या, ‘‘रात्रीची.’’ आणि झोका थांबवून, ‘‘आमच्या सासूबाई अगदी असंच करायच्या. चोवीसच्या रात्री चर्चमधून आल्यावर घरातलं सगळ्यांत लहान लेकरू बाळाला पाळण्यात ठेवायचं. मीच मोडली ती रीत. यंदा नात ठेवील. तोवर राहू दे तुमच्या देवघरात.’’

तेव्हापासून आमच्या सोप्याला क्षेत्राचं रूप आलंय. भजनी मंडळातल्या बायका येतात, रिकाम्या पाळण्यापुढे हात जोडतात आणि म्हणतात, सुहासिनीबाईंचं सगळं शास्त्राला धरून असतं. मी नको नको म्हणते. तेवीसला घर पुन्हा सिस्टरांकडे न्यायचं, चोवीसला दुपारी उत्कर्षा येणार, आणि रात्री ते लेकरू आजीच्या मांडीवर बसून बाळ पाळण्यात ठेवणार. आजीनं तिला फोनवर सांगूनसुद्धा टाकलंय. ती आता रोज विचारते, बाळ झोपलंय का. सिस्टर सांगतात, काकूंच्या देवघरात झोपलंय.

असो. पत्र लांबलं. तुमच्या बंधूंची तब्येत बरी आहे, कारण वर आलंच आहे. धैर्यशीलला आशीर्वाद, ज्ञानदाला अभ्यास कर म्हणावं. तुम्ही स्वतःला जपा.

तुमची आज्ञाधारक भावजय,
सुहासिनी

ता. क. : डब्यातल्या फुलवाती तुम्ही अजून लावायला काढल्या नसतील, अशी आशा करते. काढल्या असतील तर एवढ्यावर थांबा आणि पुढचं वाचून मगच देवापुढे जा.

दुसरा ता. क. : वन्सं, बाळ तुमच्याकडे आहे. झालं असं की खोलीत खणाचं कपाट पाहिजे होतं, त्याला काड्यापेटी लागत होती, आणि एका काड्यापेटीसाठी नवी कशाला उघडायची म्हणून मी बाळाचीच घेतली. बाळाला देवघरात कापसात गुंडाळलं, वर लाल दोरा बांधला, आणि वाती वळायच्या ताटात ठेवलं. शनिवारी ज्ञानदाची गाडी चुकायला आली, डबा रिकामा द्यायचा नाही, म्हणून ताटातला होता तेवढा कापूस दोन्ही हातांनी तुमच्या डब्यात भरला. रविवारी पाळण्यात निजवायला गेले तेव्हा ध्यानात आलं. रामनवमीचं वगैरे जे मी सिस्टरांना सांगितलं ते शास्त्राला धरून आहे, पण सांगायची बुद्धी पाळणा रिकामा दिसला म्हणून झाली. तुम्ही रोज पाच वाती लावता. डबा शनिवारी पोचला, पत्र गुरुवार-शुक्रवारपर्यंत पोचेल, म्हणजे तीस गेल्या. मी दोनशेच्या आसपास भरल्या होत्या. बाळ वर होतं की तळाला, ते मला शपथेवर आठवत नाही. बाळ मेणाचं आहे. तुपाच्या निरांजनात ते किती छान जळेल याचा विचार करून मी दोन दिवस जेवले नाही (उपवास वहीत एकादशीच्या नावावर टाकलाय). कृपा करून डबा परातीत उपडा करा आणि एकेक वात चाचपा. सापडलं की पुन्हा कापसात गुंडाळून, मोठ्या डब्यात घालून, सोमवारी ज्ञानदाच्या हाती पाठवा. तिला सांगा, माझं औषध आहे. सिस्टरांना यातलं काही कळता कामा नये.

तिसरा ता. क. : पाकिटाला डिंक लावत होते तेवढ्यात सिस्टर आल्या. डाव्या हातात आमचा डबा, आत चकल्या. म्हणाल्या, वाईला पत्र चाललंय वाटतं. मी म्हटलं, हो, खुशालीचं. ‘‘मग वन्संना लिहा,’’ म्हणाल्या, ‘‘वाती लावण्याआधी नीट चाचपून बघा. मेण फार लवकर पेट घेतं.’’ मी सोप्याच्या पायरीवरच बसले. त्या म्हणाल्या, ‘‘रविवारी सकाळी तुम्ही गणपतीला सगळं सांगत होतात ना, तेव्हा मी आधण ठेवत होते. इतकं रडू नये माणसानं, सुहासिनीबाई, चहा खारट लागला मला.’’ म्हणजे त्या खोली बघायला आल्या तेव्हाच त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ‘बाळ?’ असं विचारून मला बोलू दिलं. सासूबाईंची ती रीत खरंच सासूबाईंची, की त्याच रविवारी सकाळी आधण उकळेपर्यंत तयार झालेली, हे मी विचारणार होते. पण त्या तोवर वाकून शेगडीतली कलंडलेली गुंज डाव्या हातानं सरळ करत होत्या, आणि मी विचारलं नाही. कुणाचीही असो, आता ती दोन्ही घरांची झाली.

तेव्हा वन्सं, लपवाछपवीचं कारण उरलेलं नाही, पण बाळाची काळजी उरलीय. ज्ञानदा सोमवारी येईल तेव्हा येईल, तोवर माझ्या जिवाला चैन नाही. उलट टपाली कळवा. पाकीट नको, साधं कार्ड चालेल, आणि त्यावर ‘बाळ सुखरूप’ एवढेच दोन शब्द पुरेत. कार्ड आमचा पोस्टमन आधी वाचेल आणि दारात उभा राहून पेढे मागेल. मागू दे. मी देईन.